गाडी प्रत्यक्ष येऊन पाहावी

३ मार्च, मंगळवार

आज गाडीची जाहिरात टाकली. मुलगी तिकडून फोनवर सांगत होती, मी इकडे टाइप करत होतो. दीड तास लागला. मजकूर माझाच ठेवला: "एकसष्ट सालची, फिकट हिरवी, भाग मूळचे, अडतीस वर्षं एकाच्या हातात. किंमत ठरलेली. गाडी प्रत्यक्ष येऊन पाहावी. लांबून व्यवहार करू पाहणाऱ्यांनी वेळ घालवू नये."

"बाबा, ही जाहिरात आहे. नोटीस नाही," मुलगी म्हणाली.

एक शब्द बदलला नाही. एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. नोटीस कशाला म्हणतात ते मला माहीत आहे.

विकण्याचं कारण नोंदवून ठेवतो. ऑक्टोबरात बायको न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं, आत पट्टी बसवली. हाड जुळलं, पण डॉक्टरांनी जिना बंद केला. आम्ही पहिल्या मजल्यावर. पायऱ्या अठरा, चढ उभा. खाली दोनच जागा आहेत. एकीत शिंपी भाड्याने आहे, दुसरीत गाडी. गाडी गेली की तिथे बायकोची खोली होईल, दार थेट रस्त्यावर. गवंडी एक एप्रिलला मोकळा आहे. ती तारीख हुकली तर तो दुसरं काम धरणार आणि सप्टेंबरपर्यंत मिळणार नाही. बायको पाच महिने खाली उतरलेली नाही. सगळं सरळ आहे. गाडी विकायची, बस.

५ मार्च, गुरुवार

मुलीने फसवणुकीच्या प्रकारांची यादी पाठवली. पैसे घ्यायला कसलाही कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पिन मागितला की समजायचं, पैसे येणार नाहीत, जाणार. जमा झाल्याचा मेसेज आला म्हणजे पैसे आले असं नाही, बँकेत जाऊन खातं बघायचं. कोणी "चुकून" जास्त पाठवले म्हणून वरचे परत मागितले तर एक छदाम द्यायचा नाही. पैसे खात्यात आल्याशिवाय कागद आणि किल्ली हातातून सोडायची नाही. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे गाडी न बघता घेणारा.

वाचून हसू आलं. यंत्रं नवी, मापातलं पाप जुनंच. नोकरीत मी एक गोष्ट शिकलो. शंभरातल्या नव्वद दुकानांत काटा बरोबर असतो. खोटी असते ती दुकानदाराची करंगळी, पारड्यावर टेकलेली. आणि पुष्कळांना ती तिथे आहे हे ठाऊकही नसतं. सवयीने जाते.

ती पकडायला चाचणी खरेदी करावी लागे. आमच्या खात्यातले चेहरे बाजाराला पाठ झालेले, म्हणून मी बायकोला गिऱ्हाईक करून पाठवायचो. तिचा चेहरा असा भाबडा की दुकानदाराने दोन्ही हात पारड्यावर ठेवले असते. ती किलोभर काहीतरी घ्यायची, बाहेर यायची आणि छत्री उघडायची, ऊन असो नसो. छत्री उघडली की मी समोरच्या फुटपाथवरून प्रमाण वजनांची पेटी घेऊन आत. एकवीस दुकानं तिने अशी पकडून दिली. "खात्याने मला साधा चहा पाजला नाही," हे ती अजून ऐकवते.

तिला यादी वाचून दाखवली. ती मुलीने दिलेल्या टॅबवर पत्त्यांचा डाव लावत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्हाला बाहेरचा कोणी फसवायचा नाही."

बायकोकडून कौतुक क्वचित होतं, म्हणून लिहून ठेवलं.

९ मार्च, सोमवार

पहिला मासा गळाला लागला. काल एकाने लिहिलं की तो जहाजावर इंजिनिअर आहे, वडिलांची अशीच गाडी होती, न बघताच पसंत आहे, माणसं पाठवून उचलून नेतो. मग एक कोड पाठवला. "काका, हा स्कॅन करा, पैसे जमा होतील."

मी लिहिलं, "पैसे देणार तुम्ही. मग स्कॅन मी का करायचं?"

"सिस्टीमच तशी आहे काका."

"सिस्टीम तशी आहे म्हणूनच विचारतोय."

अर्ध्या तासाने मेसेज आला, खात्यात रक्कम जमा. सांगितलेल्या किमतीपेक्षा बरीच जास्त. पाठोपाठ त्याचा मेसेज: चूक झाली, वरचे तेवढे लगेच परत करा, घरी आई आजारी आहे. आज बँक उघडताच गेलो. खिडकीवरच्या मुलीने खातं दाखवलं. काही आलेलं नव्हतं. मेसेज एका साध्या मोबाइल नंबरवरून आला होता, फक्त वर बँकेचं नाव टाकलेलं. पोलिसांच्या सायबर कक्षात लेखी तक्रार दिली, जाहिरातवाल्यांनाही कळवलं. संध्याकाळपर्यंत इंजिनिअर जहाजासकट बुडाला होता.

जुन्या दिवसांसारखं वाटलं. बायकोला सगळं साग्रसंगीत सांगितलं.

"छान," ती म्हणाली. "आणि गाडी?"

"गाडी काय पळून जाते का?"

"ती नाही पळत. एकाच जागी असलेल्यांपैकीच आहे ती."

११ मार्च, बुधवार

दातांचा डॉक्टर येऊन गेला. वय चाळीसच्या आसपास. आल्यावर बोलला कमी, फिरला जास्त. मी गाडी सुरू केली तेव्हा डोळे मिटून उभा राहिला. नंतर म्हणाला, "इंजिनचं टायमिंग जरा पुढे आहे का?" आहे. मलाच गेल्या वर्षी कळलं.

किंमत ऐकून "चालेल" म्हणाला. व्यवहाराचं त्यानेच सुचवलं: दोघांनी बँकेत जायचं, खिडकीसमोर पैसे वळते करायचे, माझ्या खात्यात दिसले की मगच कागदांवर सह्या. मी जे म्हणणार होतो तेच, शब्दाला शब्द.

तिथेच मनात पाल चुकचुकली. जो घासाघीस करत नाही त्याला पैसे द्यायचेच नसतात, हा बाजारातला जुना ठोकताळा. कळवतो म्हणालो.

वर गेलो तर बायको खिडकीशी खुर्चीत. "जाताना तीनदा वळून बघितलं त्याने गाडीकडे. चांगला वाटला."

"चांगले वाटणारेच वाईट असतात," मी म्हणालो.

तिने टॅब जवळ ओढला.

१४ मार्च, शनिवार

सकाळी नेहमीप्रमाणे खाली गाडीत तासभर बसलो. ऑक्टोबरपासून पेपर तिथेच वाचतो. उजेड चांगला येतो.

दुपारी शाळेत गाणं शिकवणारे एक नवरा-बायको आले. त्यांना लग्नकार्याला भाड्याने द्यायला गाडी हवी. अर्धा तास किमतीवरून हुज्जत घातली. शेवटी बरेच वर आले, पण मी नाही म्हटलं. जो इतकी घासाघीस करतो तो आधीच काहीतरी ठरवून आलेला असतो.

बायकोने विचारलं. सांगितलं.

"न घासणारा चोर, घासणाराही चोर. मग साव कोण?"

"साव अजून यायचाय."

"एक एप्रिलच्या आत येणारे ना?"

व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या म्हणून विषय थांबला. त्या आज तिला बसून जिना उतरायचं शिकवत होत्या, सोफ्यावरून पाटावर आणि पाटावरून जमिनीवर. घरात आग लागली तरच वापरायचं, असं बजावलं. उठताना बायकोला घाम फुटला होता. मी खाली जाऊन गाडीची काच पुसली.

१७ मार्च, मंगळवार

नवा माणूस. नाव लिहिलेलं नाही, त्यामुळे जाहिरातवाल्यांनी दिलेला आकडाच दिसतो: सदस्य ४१७. पहिलाच प्रश्न: "मागचं डावं दार अजून उचलूनच लावावं लागतं का?"

लागतं. पण हे फोटोत दिसत नाही. जाहिरातीतही नाही. मी विचारलं, तुम्हाला कसं माहीत. उत्तर आलं, "या गाड्यांचं असतंच तसं." नसतं. ते दार एकोणतीस वर्षांपूर्वी मुलीने भिंतीवर उघडलं तेव्हापासून बिघडलंय.

मग विचारलं, विकायचं कारण काय. लिहिलं, जागेची अडचण.

"कोणाची अडचण?"

"घरगुती."

"घरात कोणी वाट बघतंय का?"

असले प्रश्न गाडी घेणारा विचारत नाही. हा माहिती काढतोय. उत्तर दिलं नाही.

बायको आज जेवताना गप्प होती. पाय दुखतोय का विचारलं. पाय बरा आहे म्हणाली.

१९ मार्च, गुरुवार

दाराची गोष्ट बाहेर कशी गेली याचा विचार केला. परदेशी असल्यासारखी लांब राहणारी मुलगी सोडली तर ती तिघांना माहीत: मी, बायको आणि मिस्त्री. बायको पाच महिन्यांत घराबाहेर पडलेली नाही. म्हणजे मिस्त्री. तीस वर्षं माझ्या गाडीला हात लावणारा माणूस. त्याच्या गॅरेजवर गेलो आणि सरळ विचारलं, कोणाला सांगितलंस.

त्याने फडक्याला हात पुसले. "साहेब, मी तुमच्या दाराच्या गोष्टी सांगत फिरू? मला काय दुसरे उद्योग नाहीत?" मग म्हणाला, "गाडी द्यायची नसेल तर देऊ नका. पण माझ्या नावाने पावती फाडू नका."

तो इतका चिडला यावरून संशय पक्का झाला. चोराच्या मनात चांदणं.

२२ मार्च, रविवार

दंतवैद्याचे दोन फोन येऊन गेले. उचलले नाहीत. गवंड्याचाही आला. तो म्हणाला, "एक तारीख पक्की ना? माझ्यामागे लोक लागलेत." पक्की म्हणून सांगितलं.

४१७ ने आज पूर्ण किंमत देऊ केली. बरंच झालं, आता सापळा लावता येईल. लिहिलं, येऊन गाडी बघा.

"मला येणं शक्य नाही."

"का?"

"पाय."

घ्या. त्या इंजिनिअरचं जहाज, याचा पाय. यादीतली मोठी खूण, जशीच्या तशी. लिहिलं: "न बघता गाडी घेणाऱ्याशी मी व्यवहार करत नाही. कारणं सगळ्यांकडे असतात."

 मग आलं: "बघून घेतली तर द्याल? नक्की? की तेव्हा आणखी काही निघेल?"

या वाक्याचा राग आला. का ते सांगता येत नाही.

बायकोला दाखवायला गेलो तर ती टॅब उपडा ठेवून खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "मला नका दाखवू. मला कळतंय काय असेल ते."

२४ मार्च, मंगळवार

४१७ ला शेवटचं लिहिलं. गुरुवारी दुपारी चार वाजता प्रत्यक्ष या. गाडी बघा. पसंत पडली तर त्याच दिवशी बँकेत व्यवहार करू. आला नाहीत तर तक्रार करीन.

उत्तर एका ओळीचं: "ठीक. गुरुवारी चार."

आला तर टोळीतला कोणीतरी येणार, हे उघड आहे. शिंप्याला साक्षीदार म्हणून तयार केलं. त्याने विचारलं, "मारामारी होईल का? नाही, मशीनवर दोन कोट आहेत, ते आत ठेवीन म्हणतो." ठेव म्हटलं.

२६ मार्च, गुरुवार

घडलं तसं लिहितो.

पावणेचारला खाली गेलो. गॅरेजचं दार सताड उघडलं. गाडीचे कागद मुद्दाम घरी ठेवले, किल्ली खिशात. शिंपी गळ्यात टेप घालून दाराशी उभा. चार वाजले. रस्त्याने एक बाई पिशव्या घेऊन गेली, दोन सायकली गेल्या. सव्वाचार. शिंपी म्हणाला, "फिरकत नाही हो." मी म्हटलं, मला माहीतच होतं.

तेवढ्यात जिन्यात आवाज झाला. दप्. मग थांबला. मग पुन्हा दप्. मला वाटलं वरून काही पडतंय. शिंपी जिन्याच्या दाराशी गेला आणि माघारी वळून माझ्याकडे बघायला लागला. 

बायको पायरीवर बसली होती. वरून सहावी. दोन्ही हात मागे टेकून अंग उचलायची, खालच्या पायरीवर टेकवायची, चांगला पाय खाली, मग दुसरा. मांडीवर छत्री आडवी. मी वर धावलो.

"हात लावू नका," ती म्हणाली. "चार वाजताचं बोलावणं आहे मला. आधीच उशीर झालाय."

मला अजूनही कळलं नव्हतं. हेही लिहून ठेवतो, कारण एकतीस वर्षं मी लोकांच्या अकलेवर शेरे मारले. मला वाटलं औषधामुळे भ्रम झाला. मी तिच्यापुढे एकेक पायरी उलटा उतरत राहिलो, पडली तर धरायला. बारा पायऱ्यांना वीस मिनिटं लागली. तिच्या वरच्या ओठावर घाम होता आणि ती मोजत होती.

खाली आल्यावर शिंप्याने आणि मी तिला उभं केलं. छत्री टेकत ती गॅरेजच्या दारात आली. गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आणि छत्री उघडली.

बाहेर उन्हाचा कडाका. डोक्यावर छप्पर. शिंप्याला काही समजलं नाही. मला समजलं. एकवीस वेळा मी ती छत्री समोरच्या फुटपाथवरून पाहिली होती. या वेळी दुकानात मीच होतो.

"सदस्य चारशे सतरा," ती म्हणाली. "गाडी प्रत्यक्ष येऊन पाहिली."

शिंपी म्हणाला, कोट करपायला नको, आणि गेला. इस्त्री बंद होती.

तिला पुढच्या सीटवर बसवलं. मागचं डावं दार तिने उघडून, उचलून, लावायला लावलं, आहे तसंच आहे का बघायला. मी शेजारी स्टिअरिंगमागे बसल्यावर म्हणाली, "काटा बरोबर आहे तुमचा. यादी बरोबर, नियम बरोबर. त्या जहाजवाल्याला धरलंत तेही बरोबर. आता बोट काढा पारड्यावरचं."

मला लाज वाटली. नोकरीत पकडलेले दुकानदार खाली बघायचे, तसाच मी ब्रेककडे बघत होतो.

"का नाही देत?" तिने विचारलं. आवाज चढवला नाही.

विचार करून सांगितलं, कारण खोटं सांगायची सोय उरली नव्हती. गाडी इथे आहे तोवर मला वाटतं, एक दिवस तू जिना उतरशील, शेजारी बसशील आणि आपण निघू. ऑक्टोबरच्या आधी निघायचो तसे. इथे पलंग आला की ठरलंच, की तू पुन्हा वर येणार नाहीस. म्हातारपण ठरलं. मला ते ठरायला नको होतं. रोज सकाळी मी इथे पेपर वाचत नाही, नुसता बसतो.

तिने समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघितलं.

"मला वर यायचंच नाहीये," ती म्हणाली. "मला बाहेर जायचंय. तुम्ही खाली माझी वाट बघत बसलात, आणि मी वर तुमची. काखेत कळसा नि गावाला वळसा." मग म्हणाली, "तुम्ही लिहिलंत, कारणं सगळ्यांकडे असतात. दोन रात्री झोपले नाही मी त्यावर."

मी माफी मागितली. ती म्हणाली, लेखी दिलंत तर बघू.

अर्धा तास तशीच बसली. नंतर शिंप्याने आणि मी तिला खुर्चीत घालून वर नेलं. ती म्हणाली, ही फुकटची सवारी शेवटची.

२७ मार्च, शुक्रवार

दंतवैद्याला फोन केला. आधीचे फोन उचलले नाहीत म्हणून त्याने राग धरला असता तर चाललं असतं, पण तो फक्त म्हणाला, "गेली नाही ना?" नाही म्हटलं.

मिस्त्रीकडे जाऊन चूक कबूल केली. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "गाडी आणून द्या, टायमिंग लावून देतो. पुढच्याला बरी मिळू दे."

३१ मार्च, मंगळवार

व्यवहार झाला. बँकेत खिडकीसमोर त्याने पैसे वळते केले, माझ्या खात्यात दिसले, खिडकीवरच्या मुलीने शिक्क्यासह उतारा दिला, त्यानंतर कागदांवर सह्या. यादीप्रमाणे, एकही कलम न गाळता. दंतवैद्य म्हणाला, "तुमच्यासारखा विकणारा असला की घेणाऱ्यालाच धडधडतं."

बायकोला सकाळीच खुर्चीतून खाली आणलं होतं. ती दारात बसली होती, माप घ्यायला आलेल्या गवंड्याला कोणती खिडकी कुठे ते छत्रीच्या टोकाने दाखवत. दंतवैद्याने विचारलं, जाण्याआधी एक चक्कर मारायची का, तिघं. मी तिच्याकडे बघितलं. ती कधीच उठायला लागली होती.

आम्ही मागे बसलो. अडतीस वर्षांत मी त्या गाडीत मागे बसलेलो नाही. तिथून रस्ता वेगळा दिसतो. ती नदीवरच्या पुलापर्यंत खिडकीची काच खाली ठेवून बसली, वाऱ्याने केस सगळे तोंडावर. परत येऊन आम्ही उतरल्यावर त्याने मागचं डावं दार आपटलं, लागलं नाही. "उचलून," ती म्हणाली. त्याने उचललं. लागलं.

गाडी वळणावरून गेली. मला वाईट वाटलं, आणि वाटायला हवं होतं तितकंच वाटलं.

आत्ता जाहिरात काढली. काढताना एक फॉर्म भरावा लागतो. वस्तू विकली का? हो. व्यवहारात फसवणुकीचा प्रयत्न झाला का? हो. कोणाकडून, यापुढे दोन चौकोन होते: खरेदीदार, विक्रेता. इंजिनिअरसाठी पहिल्यावर खूण केली. मग दुसऱ्यावरही केली.

पडद्यावर आलं: आपल्या तक्रारीची दखल घेतली आहे.

बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्यांनी उशीरच केला," आणि उद्या गवंडी किती वाजता येतोय ते विचारलं. आठला, मी सांगितलं.